कपिंग प्रशिक्षण वर्ग : हात चांगला बसवतो, दावे मात्र तपासून घ्यावेत

मसाज किंवा फिजिओथेरपीचे काम करणाऱ्या आणि पारंपरिक कपिंग, म्हणजे आपली जुनी तुंबडी, प्रत्यक्ष हाताने शिकू इच्छिणाऱ्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या एका प्रशिक्षण वर्गाबद्दल हा अभिप्राय आहे. वर्ग मी पूर्ण केला असून, तंत्र शिकण्यासाठी तो निःसंकोच सुचवेन.

त्याचे सर्वांत मोठे बळ म्हणजे ज्योतीच्या कपिंगचा सराव. चिमट्यात धरलेला कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून नीट पिळायचा, थेंब गळत नाही हे पाहून मगच पेटवायचा, काचेच्या कपात क्षणभर फिरवून बाहेर काढायचा आणि लगेच कप त्वचेवर टेकवायचा, एवढीच कृती. पण तिच्या प्रत्येक टप्प्यावर शिक्षिकेचे बारीक लक्ष असते. आतली तापलेली हवा निवताना तिचा दाब उतरतो आणि त्वचा वर ओढली जाते, त्यामुळे ज्योत काढल्यावर हात जरा जरी रेंगाळला तरी ओढ सैल बसते. उलट ज्योत कडेजवळ रेंगाळली, तर काच तापून त्वचा भाजते. म्हणून दुसऱ्याच्या पाठीला हात लावण्याआधी प्रत्येकाने स्वतःच्या मांडीवर कप लावायचा आणि दर वेळी कपाची कड आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहायची, असा तिथला नियम आहे. कप काढताना तो उपटायचा नाही, कडेलगतची त्वचा बोटाने दाबून हवा आत शिरू द्यायची, हेही हाताला सवय लागेपर्यंत करून घेतले जाते. तेल लावून कप स्नायूच्या दिशेने सरकवण्याचे तंत्र इतक्याच निगुतीने शिकवतात; त्यात ओढ हलकी ठेवावी लागते, हे ज्याच्या पाठीवर कप फिरतो त्याच्या चेहऱ्यावरून लगेच कळते.

इतिहासाचे सत्र छोटे, पण नेमके होते. सुश्रुतसंहितेत रक्तमोक्षणासाठी, म्हणजे दूषित रक्त काढण्यासाठी, शिंग, जळू आणि भोपळा ही तीन साधने अनुक्रमे वात, पित्त आणि कफाच्या दुष्टीला, म्हणजे बिघाडाला, सांगितली आहेत, हा संदर्भ ऐकताना विशेष आनंद झाला.

सिद्धान्ताचा भाग मात्र कमकुवत आहे. कपाखाली उमटणारे जांभळे वर्तुळ म्हणजे शरीरातली विषारी द्रव्ये वर आल्याची खूण, असे तिथे सांगितले गेले. प्रत्यक्षात ओढीमुळे केशवाहिन्या फुटून त्वचेखाली रक्त साकळते आणि काही दिवसांत, कधी दोन आठवड्यांत, ते शोषले जाते. रियो येथील 2016 च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकी जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवर जगाने पाहिली ती हीच वर्तुळे. मान आणि पाठीच्या दुखण्यात तात्पुरता आराम मिळू शकतो असे काही चाचण्या सुचवतात, पण त्यांचा दर्जा बहुधा कमी आहे. रुग्णाला एवढे तरी प्रामाणिकपणे सांगायला शिकवले पाहिजे. रक्त पातळ करणारी औषधे, रक्तस्रावाचे विकार, फुगलेल्या शिरा आणि जखमी त्वचा यांबाबत दिलेली ताकीद योग्य होती, परंतु सोरायसिस या त्वचारोगाचा उल्लेखच आला नाही. त्या रुग्णांमध्ये कप लावलेल्या जागी नवे चट्टे उठू शकतात, त्यामुळे ही उणीव मला गंभीर वाटते.

बारीक छेद देऊन रक्त काढण्याची पद्धत, म्हणजे हिजामा, केवळ प्रात्यक्षिकातून दाखवली आणि तरीही प्रमाणपत्रावर तिचे नाव छापले, हे मला मुळीच पटले नाही. तिथे प्रत्येक रुग्णासाठी नवे निर्जंतुक पाते आणि नवा कप लागतो, रक्ताने माखलेल्या कचऱ्याची वेगळी विल्हेवाट लावावी लागते, आणि हयगय झाली तर हिपॅटायटिस बी किंवा सी एका रुग्णातून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. या वर्गातून बाहेर पडणाऱ्याने कोरडे, म्हणजे छेद न देता केलेले, कपिंग आत्मविश्वासाने करावे. छेद देण्याचे काम मात्र त्यासाठी रीतसर वैद्यकीय प्रशिक्षण आणि परवाना असलेल्यांवरच सोपवावे.