झोटेरो घ्याच, पण नोंद टाकताना लक्ष ठेवा

जर्नलला पेपर पाठवायचा म्हटलं की सगळ्यात किचकट काम रेफरन्स लिस्टचं, आणि अजूनही कितीतरी जण ते हातानं टाइप करत बसतात, म्हणून हे लिहितेय. मी झोटेरो वापरते, म्हणजे रेफरन्स साठवून त्यांची लिस्ट आपोआप बनवणारं सॉफ्टवेअर, आधी बाकीची सॉफ्टवेअर्सपण वापरून झालीत, आणि माझं मत सरळ आहे, फुकटात याच्या तोडीचं काही नाही. फक्त एक लक्षात ठेवा, स्टाइल बसवणं हे झोटेरोचं काम आणि माहिती बरोबर असणं हे आपलं. लोक दुसरा भाग विसरतात आणि मग सॉफ्टवेअरला नावं ठेवतात.

आधी थोडी माहिती. हे २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीत फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन म्हणून सुरू झालं, आता स्वतंत्र ॲप आहे, ओपन सोर्स आहे आणि एक ना-नफा संस्था चालवते. हे मला महत्त्वाचं वाटतं कारण आपली लायब्ररी वर्षानुवर्षं साठत जाते, ती कुणाच्या हातात आहे याला अर्थ आहे. मेंडेली हे असंच दुसरं सॉफ्टवेअर २०१३ मध्ये एल्सव्हियर या प्रकाशक कंपनीने विकत घेतलं, आणि २०२२ मध्ये त्यांचं जुनं डेस्कटॉप ॲप नवीन डाउनलोडसाठी बंद झालं, ज्यांची सगळी सवय त्यावर होती त्यांना नव्या ॲपवर जावं लागलं. एंडनोट हे तिसरं, ताकदवान आहे पण पैसे मोजावे लागतात, संस्थेने घेऊन दिलं असेल तर ठीक.

नोंद टाकणं एकदम सोपं. ब्राउझरमध्ये झोटेरोचा कनेक्टर, म्हणजे छोटं एक्स्टेन्शन, टाकायचा, पेपरचं पान उघडलं की बटण दाबायचं, बहुतेक वेळा पीडीएफसकट आत येतं. नाहीतर डीओआय (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक), आयएसबीएन (पुस्तकाचा) किंवा पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या डेटाबेसचा नंबर टाकला तरी चालतं. याचा अजून एक मोठा फायदा सांगते, हल्ली चॅटबॉटकडून घेतलेले रेफरन्स लोक तसेच चिकटवतात आणि त्यातले काही पेपर जगात अस्तित्वातच नसतात. प्रत्येक डीओआय इथे टाकून बघितला की खोटा असेल तर काही सापडत नाही, किंवा भलताच पेपर समोर येतो, लगेच कळतं. आणि एखादा पेपर रिट्रॅक्ट झाला, म्हणजे जर्नलने मागे घेतला असेल, तर अशा पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसवरून झोटेरो लाल पट्टी दाखवतं, वर्डमध्ये तो सायट करायला, म्हणजे मजकुरात त्याचा संदर्भ द्यायला गेलात तरी परत विचारतं. या एका सोयीसाठी तरी सगळ्यांनी हे वापरावं असं मला मनापासून वाटतं.

आता खरा मुद्दा, मेटाडेटा, म्हणजे शीर्षक, लेखक, वर्ष अशी पेपरची माहिती. प्रकाशकाकडून जे येतं तेच झोटेरो घेतं आणि तिथेच कचरा असतो. कुठे शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये, कुठे प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, कुठे पान नंबर गायब, कुठे जर्नलचं नाव अर्धवट. एपीए या लेखक-वर्षवाल्या स्टाइलला लेखाचं शीर्षक सेंटेन्स केसमध्ये (पहिलं अक्षर आणि विशेषनामं तेवढी कॅपिटल) लागतं, आणि सेंटेन्स केसवरून टायटल केस (बहुतेक शब्दांचं पहिलं अक्षर मोठं) करणं सॉफ्टवेअरला जमतं पण उलटं नीट जमत नाही, कारण कुठला शब्द विशेषनाम आहे ते त्याला कळत नाही. म्हणून लायब्ररीत शीर्षकं सेंटेन्स केसमध्येच ठेवायची, शीर्षकावर राइट क्लिक केलं की तसा पर्याय मिळतो, मग देशांची, माणसांची नावं तेवढी बघून घ्यायची. प्रजातीचं नाव इटॅलिकमध्ये हवं असेल तर तेही शीर्षकाच्या रकान्यातच इटॅलिकचा टॅग टाकून करायचं, वर्डमध्ये नाही, कारण वर्डमध्ये हातानं केलेला बदल पुढच्या रिफ्रेशला उडतो.

लेखक संस्था असेल तर नाव एका रकान्यात टाका, आडनाव-नाव असे दोन रकाने ठेवले तर वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशनचं लिस्टमध्ये ‘ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.’ होऊन बसतं. एकाच लेखकाचं नाव एका नोंदीत पूर्ण आणि दुसऱ्या नोंदीत फक्त इनिशियल असेल तर एपीएमध्ये मजकुरात आडनावाच्या आधी अचानक इनिशियल यायला लागतं, कारण सॉफ्टवेअरला वाटतं ही दोन वेगळी माणसं आहेत. आणि एकच पेपर दोनदा सेव्ह झाला असेल, दोन ठिकाणी दोन वेगळ्या नोंदी सायट झाल्या असतील, तर वर्षापुढे ए आणि बी लागतं. अशा वेळी एक नोंद डिलीट करू नका, मर्ज करा, म्हणजे डॉक्युमेंटमधलं कनेक्शन तुटत नाही.

स्टाइलच्या बाबतीत मात्र तक्रारीला जागाच नाही. सीएसएल नावाच्या पद्धतीत लिहिलेल्या १०,००० पेक्षा जास्त स्टाइल्स तयार आहेत, बहुतेक जर्नल्सची नावानिशी सापडते. एका जर्नलने नाही म्हटलं आणि दुसरीकडे पाठवायचं असलं की एपीएवरून व्हँकुव्हर, म्हणजे लेखक-वर्षावरून आकड्यांवर, ड्रॉपडाउनमधून बदललं की संपलं, सगळे आकडे क्रमाने आपोआप लागतात. जर्नलची नावं संक्षिप्त हवी असतील तर मेडलाइन या वैद्यकीय डेटाबेसचे संक्षेप वापरायचा पर्याय वर्डमधल्या झोटेरो प्लगिनच्या सेटिंगमध्ये आहे. तरीपण ऑथर गाइडलाइन्स वाचाच, व्हँकुव्हरचीच गोष्ट घ्या, सहा लेखकांनंतर एट अल (म्हणजे ‘आणि इतर’) हा नेहमीचा नियम पण काही जर्नल्स तीनवरच थांबतात. आणि कित्येक जर्नल्स आता पहिल्या सबमिशनला कुठलीही एकसारखी स्टाइल चालवून घेतात, तिथे रात्र घालवू नका, ॲक्सेप्ट झाल्यावर बदला.

कमी काय आहे तेही सांगते. डॉक्युमेंट मोठं झालं, शेकडो सायटेशन्स झाली की वर्ड अडखळायला लागतं, तेव्हा ऑटोमॅटिक अपडेट बंद करून ठेवायचं आणि शेवटी एकदाच रिफ्रेश करायचं. फाइल्ससाठी फुकट जागा ३०० एमबीच आहे, पीडीएफ भरपूर असतील तर ती पटकन भरते, पण नुसत्या नोंदी सिंक करायला काही मर्यादा नाही, आणि वेबडॅव्ह चालणारी दुसरी ऑनलाइन जागा असेल तर फाइल्स तिकडे ठेवता येतात. झोटेरोचं डेटा फोल्डर मात्र ड्रॉपबॉक्ससारख्या ठिकाणी कधीच ठेवू नका, डेटाबेस खराब होतो, त्यांनी स्वतःच तसं बजावलंय.

सहलेखक असतील तर लिहायला बसायच्या आधीच ठरवा की सगळे झोटेरोच वापरणार आणि एकाच ग्रुप लायब्ररीतून सायट करणार. एकाने मेंडेलीतून टाकलं आणि दुसऱ्याने झोटेरोतून, तर एका लिस्टमध्ये ते येत नाही, शेवटी कुणीतरी एक जण बसून सगळं परत घालतो. गुगल डॉक्समध्येही चालतं, आणि तिथून वर्डमध्ये न्यायचं असेल तर दुसऱ्या वर्ड प्रोसेसरवर जायचा पर्याय सेटिंगमध्ये आहे, तो वापरा, फाइल नुसती डाउनलोड केली तर सायटेशन्स झोटेरोशी जोडलेली राहत नाहीत. वर्डऐवजी लेटेक्स या टाइपसेटिंग सॉफ्टवेअरमध्ये लिहिणाऱ्यांनी बेटर बिबटेक्स नावाचं प्लगिन टाकावं, सायटेशन की (प्रत्येक नोंदीची छोटी खूण) स्थिर राहते.

सबमिट करताना काही जर्नल्सना साधा मजकूर लागतो, त्यासाठी अनलिंक सायटेशन्स हा पर्याय आहे, तो झोटेरोशी असलेला जोड तोडतो. ते नेहमी कॉपीवर करा आणि मूळ फाइल तशीच ठेवा, कारण अनलिंक केलेलं परत जोडता येत नाही आणि रिव्हिजनमध्ये रिव्ह्यूअर नवे चार पेपर घालायला सांगतोच.