तत्काळ की नॉर्मल: पासपोर्टच्या अर्जातला पहिलाच पेच

पासपोर्टच्या ऑनलाइन अर्जात नाव-गाव विचारण्याआधीच एक प्रश्न येतो: नॉर्मल की तत्काळ? बरेच जण तिथे थांबत नाहीत. दोन हजार जास्त भरू आणि लवकर मोकळे होऊ, असा साधा हिशेब करतात. पण तत्काळमध्ये कामांचा क्रमच बदलतो, आणि पैशांआधी विचार करायचा तो या क्रमाचा.

पैशांचे थोडक्यात सांगतो. मोठ्या माणसाच्या ३६ पानी, दहा वर्षांच्या पासपोर्टला नॉर्मलमध्ये १५०० रुपये आणि तत्काळमध्ये ३५०० रुपये पडतात. ६० पानी हवा असेल तर २००० आणि ४०००. तत्काळ निवडले तरी ऑनलाइन भरताना नॉर्मलचीच फी कापली जाते. वरचे दोन हजार पासपोर्ट सेवा केंद्रात गेल्यावर भरायचे असतात, त्यामुळे त्या दिवशी सोबत पैशांची सोय असू द्या.

आता या दोन हजारांत काय मिळते ते पाहू. केंद्रातली धावपळ दोन्हींत सारखीच आहे: टोकन, मग ए काउंटरवर फोटो, बोटांचे ठसे आणि स्कॅनिंग, बीवर कागदांची तपासणी, सीवर मंजुरी. फरक पडतो तो अपॉइंटमेंटच्या तारखेत आणि मंजुरीनंतरच्या दिवसांत. तत्काळच्या अपॉइंटमेंटचा कोटा वेगळा असतो, म्हणून तारीख जवळची मिळण्याची शक्यता जास्त. पण नेहमीच तसे होत नाही. तत्काळचा कोटा भरलेला असेल तर तत्काळच्या अर्जावरही नॉर्मल कोट्यातली तारीख घेता येते, मात्र फी तत्काळचीच लागते. म्हणजे पैसे दिले तत्काळचे आणि थांबलात नॉर्मलच्या रांगेत. म्हणून पैसे भरण्याआधी पोर्टलवर दोन्हींच्या उपलब्ध तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. २०१८ पासून देशातल्या कुठल्याही पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीत अर्ज करता येतो. पुण्यात तारीख लांबची दिसत असेल तर नागपूर किंवा मुंबईचे कॅलेंडर बघायला हरकत नाही. पोलीस व्हेरिफिकेशन अर्जातल्या पत्त्यावरच होते आणि पासपोर्टही तिथेच येतो. पोस्ट ऑफिसातले केंद्र घेणार असाल तर तिथे तत्काळची सोय आहे का, एवढे आधी पाहून घ्या.

नूतनीकरण करणाऱ्यांचा प्रश्न सोपा आहे. पत्ता तोच, नाव तेच, आणि पासपोर्टची मुदत संपत आलेली किंवा संपून तीन वर्षे व्हायची असतील, तर बहुतेक वेळा पोलीस व्हेरिफिकेशन लागत नाही. अशा वेळी नॉर्मलमध्येही काउंटरचे काम झाल्यावर साधारण आठवडाभरात पासपोर्ट छापून स्पीड पोस्टने निघतो. तत्काळमध्ये तोच एक-दोन दिवसांत निघतो. चार-पाच दिवसांसाठी दोन हजार मला तरी जड वाटतात. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा एवढी घाई व्हायला नको. त्यातून बरेच देश प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिन्यांची मुदत मागतात, म्हणजे कागदावरचे शेवटचे सहा महिने तसेही फारसे उपयोगाचे नसतात. जुन्या पासपोर्टात चालू व्हिसा असेल तरी काळजी नको. पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत देतात आणि प्रवासात नवा-जुना दोन्ही सोबत ठेवायचे असतात.

लहान मुलांचेही तसेच. आई-वडिलांचे पासपोर्ट चालू असतील तर मुलांना व्हेरिफिकेशन सहसा लागत नाही, त्यामुळे तत्काळच्या ३००० रुपयांपेक्षा नॉर्मलचे १००० पुरतात.

खरा पेच आहे तो पहिल्यांदा पासपोर्ट काढणाऱ्यांचा आणि पत्ता बदललेल्यांचा. नॉर्मलमध्ये आधी पोलीस व्हेरिफिकेशन, मग छपाई. अहवाल वेळेवर आला तर महिन्याभराचे काम. तत्काळमध्ये अर्ज मंजूर झाल्यावर अहवालाची वाट न पाहता तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत पासपोर्ट रवाना होतो आणि व्हेरिफिकेशन मागाहून होते.

माझे मत नॉर्मलकडे झुकले ते या 'मागाहून'मुळे. लोकांचा समज असा की तत्काळमध्ये पोलिसांचे प्रकरण टळते. ते टळत नाही, पुढे ढकलले जाते, आणि नेमके अशा दिवसांत येऊन पडते जेव्हा माणूस घरी नसतो. तत्काळ घेणारा घाईत असतो म्हणून तर तत्काळ घेतो. पासपोर्ट आला की व्हिसा, तिकीट, प्रयाण. इकडे फाइल पोलीस आयुक्तालयाच्या किंवा अधीक्षक कार्यालयाच्या पासपोर्ट शाखेतून स्थानिक पोलीस ठाण्यात पोहोचते. हवालदार अर्जातल्या मोबाइलवर फोन करतात. अनोळखी नंबर म्हणून तो उचलला जात नाही, किंवा भारतातले सिम बंद असते. मग ते पत्त्यावर येतात. घराला कुलूप, आणि शेजारी सांगतात, 'ते परदेशी गेलेत.' अहवालात लिहिले जाते की अर्जदार पत्त्यावर आढळला नाही. यात कुणाची चूक नसते, पण पासपोर्ट कार्यालयाच्या दृष्टीने तो प्रतिकूल किंवा अपुरा अहवाल ठरतो आणि खुलासा मागणारी नोटीस निघते. ती जाते त्याच कुलूपबंद घराच्या पत्त्यावर. माहिती दडवून किंवा चुकीची देऊन पासपोर्ट मिळवला असे ठरले, तर पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम १०(३) खाली तो जप्त किंवा रद्दही करता येतो. प्रकरण तिथपर्यंत क्वचितच जाते हे खरे. पण परदेशात बसून खुलासा पाठवणे आणि परतल्यावर ठाण्याच्या व कार्यालयाच्या चकरा मारणे, हे सहज भोगावे लागू शकते.

नॉर्मलमध्ये हेच काम तुम्ही गावात असताना होते. पत्त्याचा काही घोळ असेल तर तो पासपोर्ट छापण्याआधी निघतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना हे जास्त लागू आहे. नोंदणीकृत भाडेकरार, आधार, वीजबिल, आणि अर्जात संदर्भ म्हणून दिलेल्या दोन माणसांना आधी दिलेली कल्पना, एवढी तयारी असली की ठाण्यातले काम एका फेरीत आटोपते. वर्षभराच्या आत घर बदलले असेल तर आधीचा पत्ताही अर्जात न विसरता द्या. तो लपला की चौकशी लांबते.

दुसरी अडचण कागदांची. तत्काळला १८ वर्षांवरच्या व्यक्तीला ठरवून दिलेल्या यादीतले तीन पुरावे लागतात: आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, रेशन कार्ड, बँक पासबुक, जन्मदाखला वगैरे. पूर्वी मोठ्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागायचे, ते २०१८ मध्ये गेले आणि काम सोपे झाले. मात्र तीन कागद म्हणजे नाव जुळण्याच्या तीन परीक्षा. बी काउंटरवरचे अधिकारी ते शेजारी शेजारी ठेवून अक्षर अक्षर पाहतात. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी पद्धत असल्याने एका कागदावर मधले नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसते आद्याक्षर, तिसऱ्यावर ते गायबच, असे सर्रास असते. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दीपकला एका ठिकाणी दोन 'ई' आणि दुसरीकडे एकच 'आय'. लग्न झालेल्या बाईंचे आधार सासरच्या नावाने आणि पॅन माहेरच्या, हेही नेहमीचे. तत्काळ मंजूर करायचे की नाही हा अधिकार पासपोर्ट कार्यालयाचा आहे, आणि असे कागद पाहून फाइल अडली की दिवस वाचवायला घेतलेला मार्गच दिवस खातो. नॉर्मलला जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा, शिवाय नॉन-ईसीआरसाठी (म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारची वेगळी परवानगी लागू नये यासाठी) दहावीचे प्रमाणपत्र, एवढ्यावर काम भागते. जुळवायचे कागद कमी, म्हणून अडण्याच्या जागाही कमी. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी मात्र जन्मदाखलाच लागतो, दुसरा पुरावा चालत नाही.

तत्काळला अर्थ नाही असे मी म्हणणार नाही. नोकरीवर रुजू व्हायची तारीख ठरली आहे, परदेशात कुणी आजारी आहे, व्हिसाची मुलाखत पंधरा दिवसांवर आली आहे, अशा वेळी महिनाभर थांबा असे कोण सांगेल? तिन्ही कागदांवर नाव एकसारखे आणि पत्ता वर्षानुवर्षे तोच असेल तर बिनधास्त तत्काळ करा. नावात मोठा बदल करायचा असेल किंवा जुना पासपोर्ट हरवला असेल, तर तो रस्ता बहुतांशी बंदच असतो.

तत्काळ घेतलेच तर पासपोर्ट हाती आला म्हणून फाइल क्रमांक टाकून देऊ नका. तो आणि जन्मतारीख घालून पोर्टलवर स्थिती पाहत राहा. स्थानिक पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन फाइल आली का विचारा, आणि शक्यतो व्हेरिफिकेशन उरकूनच विमानात बसा. ते जमणार नसेल तर भारतातला नंबर रोमिंगवर चालू ठेवा, घराची किल्ली असलेल्या शेजाऱ्यांना किंवा घरच्या माणसाला कागदांचा संच देऊन ठेवा, आणि हवालदारांचा फोन आला तर परतायची तारीख त्यांना स्पष्ट सांगा.