बाळंतपणाच्या रजेत मुलं सांभाळणाऱ्या मावशींना ठेवलं: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

दुसऱ्या बाळंतपणाची सहा महिने रजा आणि कामावर परत रुजू होऊन तीन महिने, असे नऊ महिने आम्ही ही व्यवस्था चालवली. थोरला तीन वर्षांचा आहे. तो आठ महिन्यांचा असल्यापासून मावशी त्याला सांभाळतात, आठवड्याचे पाच दिवस, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. मी रजेवर असताना त्यांना पूर्ण पगारावर ठेवलं, तास कमी केले आणि सगळं कागदावर उतरवलं. पुन्हा वेळ आली तर असंच करेन. फक्त पहिल्या दोन महिन्यांत झालेली एक चूक टाळेन, तिच्याबद्दल पुढे लिहिते.

मी मावशींना बातमी सांगितली तेव्हा पाचवा महिना होता. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, तोंडभर हसल्या आणि लगेच विचारलं, "मग ताई, मी कधीपासून यायचं नाही?" यायचं की नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात नव्हताच. आधीच्या एका घरी आई रजेवर गेली त्याच आठवड्यात त्यांना "सध्या गरज नाही, लागलं की कळवू" असं सांगितलं होतं आणि नंतर कुणी कळवलं नाही. आमचं तोवर काही ठरलं नव्हतं, म्हणून मी म्हटलं, "बघू." त्या एका "बघू"वर मावशींनी तीन आठवडे काढले, त्यात दोन ठिकाणी काम बघूनही आल्या. हे मला फार उशिरा कळलं आणि अजून सलतं. आधी घरात बसून ठरवा, मग बातमी आणि निर्णय एकाच बैठकीत सांगा.

आमच्यासमोर चार वाटा होत्या: त्यांना सोडणं, सहा महिने बिनपगारी थांबायला सांगणं, अर्ध्या दिवसाला अर्धा पगार देणं, किंवा पूर्ण पगार चालू ठेवणं. बिनपगारी थांबायला सांगणं मला मुळातच पटत नव्हतं. ज्या घराची चूल महिन्याच्या पगारावर पेटते, ते घर सहा महिने कशाच्या भरवशावर थांबेल? अर्धा पगार ऐकायला रास्त वाटतो, पण उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांना दुसरं काम धरावं लागलं असतं आणि मी कामावर परतायच्या वेळी ते सोडा म्हणायचा मला काय अधिकार होता? रजा माझी होती. त्यांनी ती मागितली नव्हती. म्हणून पूर्ण पगार. माझ्या रजेच्या शेवटच्या दोन महिन्यांत मला पगार नव्हता, त्यामुळे गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यापासूनच आम्ही दर महिन्याला थोडी रक्कम त्यांच्या पगाराच्या नावाने बाजूला काढत गेलो. ही तरतूद झाली नसती तर माझा शब्द रजेच्या पाचव्या महिन्यात मोडला असता.

आता ती चूक. तास कमी करताना आम्ही ठरवलं की सकाळी नऊ ते एक यायचं आणि दुपारी "लागलं तर फोन करू, तेवढं मोकळं राहा." आम्हाला ही मोठी सवलत वाटली. दोन महिन्यांत मी दुपारी बोलावलं ते जेमतेम सहा-सात वेळा. पण मावशी रोज दुपारी घरात बसून राहायच्या. फोन येईल म्हणून दवाखान्यात जायच्या नाहीत, बहिणीकडे जायच्या नाहीत. एकदा सहज म्हणाल्या, "दुपार तुमच्याकडेच असते ताई, फक्त मी इथे नसते." तेव्हा लख्ख कळलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी जो करार क्रमांक १८९ केला, त्याच्या दहाव्या कलमात नेमकं हेच आहे: ज्या वेळात कामगाराला स्वतःचा वेळ हवा तसा वापरता येत नाही आणि बोलावणं आलं तर यायचं म्हणून थांबून राहावं लागतं, तो वेळ कामाचाच धरायचा. किती आणि कसा, हे प्रत्येक देशाच्या कायद्यावर सोडलंय, पण तत्त्व स्वच्छ आहे. तिसऱ्या महिन्यापासून आम्ही वार बांधून घेतले. सोमवार आणि गुरुवार पूर्ण दिवस, बाकी तीन दिवस एकपर्यंत, आणि एक वाजल्यानंतर फोन नाही. अगदीच अडलं तर विचारायचं, "नाही" म्हणायची मुभा त्यांना, आणि आल्या तर त्या तासांचे पैसे वेगळे. या एका बदलाने घरातला ताण निम्म्यावर आला.

कागदाबद्दल. त्याच कराराच्या सातव्या कलमात कामाच्या अटींमध्ये काय काय स्पष्ट असावं याची यादी आहे: कामाचं स्वरूप, पगार आणि तो कधी द्यायचा, तास, सुट्ट्या, काम थांबवताना किती दिवस आधी सांगायचं वगैरे. आम्ही तीच समोर ठेवून दीड पान लिहिलं, मोठ्याने वाचलं, दोघींनी सही केली, एक प्रत त्यांच्याकडे. रजेच्या काळासाठी त्यात तीन ओळी वाढवल्या. बाळाचं काम कोणत्या तारखेपासून आणि किती वाढीव पगारावर, मी रजा वाढवली तर पगाराचं काय, आणि मी नोकरीच सोडली तर त्यांना किती महिन्यांची सूचना. शेवटची ओळ लिहिताना मला अवघड झालं होतं. पण त्या ओळीवर बोट ठेवून मावशी म्हणाल्या, "हे बरं केलंत."

खाडे कापायचे नाहीत, हेही त्यातच लिहिलं. आजारपणाच्या सुट्टीचा पगार द्यायचा हे आम्ही आधी चांगुलपणा म्हणून बघत होतो. घरात तान्हं बाळ आल्यावर त्याचा दुसरा अर्थ समजला. खाडा कापला जाणार असेल तर माणूस कणकण अंगावर काढून कामावर येतो. डांग्या खोकल्याच्या लसीचा बाळाला मिळणारा पहिला डोसच सहा ते आठ आठवड्यांनी असतो, तोवर त्याच्या भोवतीची माणसं हेच त्याचं कवच. आमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातल्या मोठ्यांनी ती लस बाळंतपणाच्या आधीच घेतली, कारण तिचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे जातात. मावशींना आधी विचारलं, त्या तयार झाल्या, आणि त्यांचा खर्च अर्थातच आम्ही केला.

सगळ्यात कठीण होतं ते एकाच घरात दोन मोठी माणसं आणि मध्ये तीन वर्षांचं मूल. आई समोर असताना ते दुसऱ्या कुणाचं का ऐकेल? पहिल्या आठवड्यात तो मावशींना बूट घालू देईना. मी आतल्या खोलीत बाळाला पाजत होते. "आई घालेल, आई घालेल" असं रडणं ऐकून मी बाळाला तसंच उचलून बाहेर आले आणि एका हाताने बूट घालून दिले. मावशी बाजूला उभ्या राहिल्या, एक बूट अजून त्यांच्या हातात. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर दोन-तीन दिवस तो रडला की आधी त्या माझ्या दाराकडे बघायला लागल्या. दोन वर्षांत त्यांनी स्वतःच्या हिमतीवर जे सांभाळलं होतं, ते मी एका मिनिटात काढून घेतलं होतं.

मग आम्ही सकाळी एक वाक्य ठरवलं. मावशी आल्या की मी थोरल्याला सांगायचे, "आता एक वाजेपर्यंत मावशी." त्यानंतर तो रडला तरी मी बाहेर यायचं नाही, मावशींनी हाक मारली तरच. तो माझ्याकडे आलाच तर मिठी द्यायची, पण निर्णय द्यायचा नाही, "मावशींना विचार" एवढंच. पहिले चार दिवस दाराआड माझाही जीव कासावीस झाला. साधारण दहाव्या दिवशी तो स्वतःच बूट घेऊन त्यांच्यापुढे जाऊन बसला. आणि रोज एक वाजल्यानंतरचा वेळ, धाकटा झोपला की, माझा आणि त्याचा. मावशी सकाळी असल्यामुळेच तोवर माझ्यात थोडी ताकद उरलेली असायची.

मावशींनी बाळाबरोबर घरातलं बाकीचं काम आपोआप उचलावं, असं घरातल्या एक-दोघांनी सुचवलं. "नाहीतरी तू घरीच आहेस, त्यांना काय काम?" हे वाक्य मी अनेकदा ऐकलं. कागद तेव्हा खरा उपयोगी पडला. दोन्ही मुलांचे कपडे आणि खेळणी त्यांच्याकडे, बाकी घर नाही.

कामावर परतायच्या आधीचे चार आठवडे मी तालमीसाठी ठेवले, आणि तेवढे लागतातच. पहिल्या आठवड्यात बाळ दोन तास मावशींकडे आणि मी घरातच, मग मी बाहेर, शेवटी पूर्ण दिवस. काढून ठेवलेलं दूध खोलीत चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवस, म्हणून प्रत्येक बाटलीवर तारीख-वेळ लिहायची चिकटपट्टी मावशींनीच सुरू केली. बाळाने पहिले तीन दिवस बाटली तोंडात धरली नाही. मी घराबाहेर गेल्यावरच घेतली, तीही मावशींच्या मांडीवर.

ही व्यवस्था प्रत्येकाला जमेल असं नाही. पैशाची ओढाताण होते, हे खरं आहे. सहा महिने पूर्ण पगार देणं शक्यच नसेल तर तसं मोकळेपणाने आणि निदान दोन-तीन महिने आधी सांगा, दुसरं काम शोधायला मदत करा, पण "बोलावलं की या" म्हणून अडकवून ठेवू नका. घरात एकांत कमी मिळतो, हेही आहे. बाळंतपणानंतर मला कधी कधी नुसतं रडायचं असायचं आणि बाहेरच्या खोलीत कुणीतरी आहे याचं दडपण यायचं. त्या दिवसांत मावशी न सांगता थोरल्याला घेऊन फिरायला जायच्या. एकदा त्यांना विचारलं की तुमच्या वेळी किती दिवस मिळाले होते. म्हणाल्या, "धाकटीच्या वेळी सव्वा महिना. मग तिला पाठीशी बांधून कामावर."

मागच्या आठवड्यात आम्ही कागद पुन्हा काढला, वर्षाची पगारवाढ लिहायला. मावशींनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "यात एक ओळ माझी घालता का? लेकीला दिवस गेलेत. मला दीड महिना लागेल." पगारी सुट्टीचा दीड महिना लिहिला, बदली बाई आधी आठ दिवस येऊन शिकेल असं लिहिलं, तारीख मोकळी ठेवली. ती बाळ आल्यावर भरायची आहे.