एकट्यानं बोलावं की गटात बसावं?

2017 साली बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि घरात माझा आवाज चढू लागला. हात कधी उचलला नाही, पण मी ओसरीत आलो की पोरं आत निघून जायची. आधी मी समुपदेशकाकडे एकटा गेलो, मग गटोपचारात, म्हणजे तज्ज्ञासोबत अनेकांनी मिळून बोलायच्या उपचारात, बसलो. कुणाला या दोन्हींतलं एक निवडायचं असेल, तर माझा अनुभव असा.

एकट्याच्या भेटीत सगळा वेळ आपला. कर्ज, भावकीतला धुऱ्याचा वाद, बायकोशी धरलेला अबोला, सगळं मोकळं करता येतं. पण तिथं मी माझीच बाजू सांगायचो. माझं घर त्यांना माझ्याच तोंडून दिसायचं.

गटात सहा ते दहा माणसं, सोबत तज्ज्ञ, आठवड्यातून एकदा तास-दीड तास. दोन बैठका मी गप्पच होतो. तिसऱ्या वेळी एका काकूंचं बोलणं मी मध्येच तोडलं. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमी इचारता, पण उत्तर आयकून घेत नाई." मला राग आला. तज्ज्ञांनी विचारलं, तेव्हा तो मी तसाच बोलून दाखवला. पुढच्या आठवड्यात काकू माझ्याच शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. राग सांगूनही माणूस आपल्याजवळ राहतं, हे मला चाळिशीत तिथं कळलं. बायको बोलत असताना शेवटपर्यंत थांबायला मी त्यानंतर शिकलो.

बचत गटाचा, भजनी मंडळाचा आधार मोठाच असतो. पण गटोपचारात आपण एकमेकांशी कसं वागतो, हेच समोर घेऊन बसतात.

खर्च वाटला जातो, म्हणून गट बहुतेक स्वस्त पडतो. गटोपचाराची सुरुवात जिथून मानतात, त्या 1905 साली अमेरिकेत बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयाच्या गरीब रुग्णांना एकत्र बसवलं, त्यामागेही पैशाची अडचण होतीच.

गटाची खरी अडचण गुप्ततेची. तज्ज्ञ व्यवसायाच्या नियमानं बांधलेले असतात, बाकीचे फक्त शब्दानं. खेड्यात सोयरे-धायरे कुठं भेटतील सांगता येत नाही, म्हणून मी आपल्या गावचा गट टाळून जिल्ह्याच्या ठिकाणचा धरला. वेचणीच्या दिवसांत एसटीनं जाणं जड जातं, आणि एकाच्या खाड्यानं सगळ्यांची घडी मोडते. सुरू करण्याआधी हंगामाचं स्पष्ट बोलून घ्या.

जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर गटाची वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तरी आधी एकट्यानं भेटणं मला बरं वाटतं. सारखं कुणाशी तरी बिनसतं आणि का ते कळत नाही, अशांनी मात्र गटात बसावं. मी चार महिने दोन्ही सोबत चालवलं. गटात जे तोंडातून निघालं नाही, ते गुरुवारी समुपदेशकांना सांगायचो, आणि त्यातलं अर्धं पुढच्या बैठकीत बोलायचो.