चौंडकं की बास गिटार?

खानापुरात सरावाला बसलं की आमच्यात हाच वाद. गाणी तुणतुणं, हलगी नि चौंडकं या काखेत धरून वाजवायच्या तारेच्या वाद्यावरच ठेवायची, की बास, ड्रम किट, कीबोर्ड घालून आवाज भरगच्च करायचा?

भरलेल्या आवाजाची गरज मला पटते. निपाणीच्या उरुसात, उघड्यावर, तुणतुणं विरून जातं. मागच्या रांगेला नुसती हलगी पोचते. बासची सर्वात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते, ती थेट छातीत जाणवते.

पण सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या जोगत्यांच्या काखेतलं चौंडकं जवळून ऐका. एका हातानं तार ताणायची, सैल सोडायची, दुसऱ्यानं छेडायची. तो घुमत वर-खाली घसरणारा सूर म्हणजेच त्या गाण्याचा श्वास. बास त्याच्याच जागेत शिरतो आणि ती घसर गडप होते. मागच्या महिन्यात रेकॉर्डिंग केलं, तर चौंडकं पूर्णवेळ वाजूनही कुणाला ऐकू आलं नाही. फार लागलं मनाला.

सामान, गाडीभाडं यांचं जमतं कसंतरी. माझं मत असं, की किट घ्या, कीबोर्ड घ्या. बास मात्र चौंडकं थांबेल तिथंच वाजवा. आणि गाण्यातल्या कन्नड कडव्याला बास नि चौंडकं, दोघांनीही गप्प राहावं, एकटं तुणतुणं पुरे.