स्टाइन्स गेट: ॲनिमे बघून झाल्यावर गेम, आणि एंटर बटण तुटल्यावर परत तोच गेम

लॅपटॉपचं एंटर बटण उखडलं आणि दुकानदार म्हणला पूर्ण कीबोर्डच बदलावा लागंल, तिथून हे लिहायचं डोक्यात आलं. स्टाइन्स गेट हा जपानी गेम, त्याच्यावरून पुढं ॲनिमे (जपानी कार्टून मालिका) पण निघाला. गेम म्हणजे निव्वळ वाचन, एक ओळ वाचली की एंटर, पुढची वाचली की एंटर, महिनोन्महिने हेच चालू, बटण तरी किती तग धरणार. मी म्हणलं भाऊ एवढं एकच बटण बसवून द्या, एखाद्या भंगारातल्या लॅपटॉपचं असंल तरी चालंल, तर म्हणे सुटं येत नाही, आणि वरून नुसतं उघडून बघितल्याचे पैसे मागायला. लातूरला ट्यूशन एरियात रूम करून राहायचं म्हणल्यावर कीबोर्डच्या पैशात अर्ध्या महिन्याची मेस होते. वाद घातला, एक रुपया दिला नाही आणि लॅपटॉप तसाच उचलून आणला.

स्टोरी इथं सांगत बसत नाही, ओकाबे नावाच्या पोराचा आणि त्याच्या दोस्तांचा मायक्रोवेव्हला फोन जोडून भूतकाळात मेसेज पाठवायचा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. (पुढं स्पॉयलर आहेत, ॲनिमे बघितला नसंल तर इथंच थांबा.) गेम २००९ चा, ५पीबी आणि नायट्रोप्लस या कंपन्यांचा, ॲनिमे २०११ चा, व्हाइट फॉक्स स्टुडिओचा, २४ भाग. बहुतेकांसारखा मी पण आधी ॲनिमेच बघितला. गेम सेलमध्ये घेतला, कारण त्याला ग्राफिक कार्ड लागत नाही, आणि माझ्याकडं ते नाही.

सुरुवातीचे दोनेक महिने माझं मत एकदम पक्कं होतं की ॲनिमे भारी आणि गेम उगं लांबवलेला. गेममधे वर्महोल (काळ-अवकाशातला बोगदा), सर्न (युरोपातली फिजिक्सची प्रयोगशाळा), जॉन टायटर (भविष्यातून आलोय म्हणणारा माणूस) यांच्यावर पानंच्या पानं बोलणं चालतं. त्यातलं बरंचसं खऱ्यावर बेतलेलं आहे, टायटर नावानं २०००-०१ ला अमेरिकेतल्या नेटवर खरंच कुणीतरी पोस्टी टाकत होतं, आणि गेममधला आयबीएन ५१०० म्हणजे आयबीएमचा १९७५ चा ५१०० कॉम्प्युटर. वाचायला मजा येते, पण सलग तासभर तेच चाललं की डोळे मिटायलेत. ॲनिमेवाल्यांनी तिथं कात्री नीट चालवली. शिवाय ॲनिमेतलं ते पांढरट, भाजून काढणारं ऊन, ऑगस्टमधलं टोकियोतलं अकिहाबारा, रिकामे रस्ते, हे आपल्याकडं मे महिन्यात दुपारी दोनला बाहेर पडलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आणि बाराव्या भागाचा शेवट! ओकाबेची लहानपणची मैत्रीण मायुरी, तिचं घड्याळ बंद पडतं, ती त्याकडं बघत बसते आणि पुढच्या काही मिनिटात तिचा जीव जातो, सगळं संपतं. तो भाग बघून मी त्या रात्री जेवलो नव्हतो.

आता फोनचं सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्याच्यावरच आहे.

बाकी असल्या गेममधे स्क्रीनवर दोन पर्याय येतात, हा निवडा नाहीतर तो निवडा. इथं तसं काहीच येत नाही. ओकाबेचा फोन आहे, तो तुम्ही पाहिजे तेव्हा काढायचा. मेल येतो, त्यातले काही शब्द निळे असतात, त्यातला जो शब्द तुम्ही दाबाल त्याच्यावरून उत्तर तयार होतं. ओकाबेच्या सोबतची शास्त्रज्ञ पोरगी कुरिसु, तिनं काहीतरी तिरकं लिहिलंय, त्यात तीन शब्द निळे, एकावर उत्तर दिलं की भांडण, दुसऱ्यावर दिलं की ती नेटवरची भाषा बोलून बसते आणि मग सावरत राहते. उत्तर नाही दिलं तरी गोष्ट पुढं जाते, कुणी अडवत नाही. आमच्याकडं पण २०१० ला असंच होतं, एसएमएसचा पॅक मारायचा, एक-एक मेसेज विचार करून लिहायचा, दिवाळीला पॅक चालायचा नाही म्हणून आदल्या दिवशीच शुभेच्छा पाठवून मोकळं व्हायचं. त्यामुळं तो फोन माझ्या हातात एकदम बसला. रिंगटोन आणि वॉलपेपर पण बदलता येतात, मी ते गरजेपेक्षा जास्त वेळा बदललेत.

ॲनिमेत हे सगळं गेलं. मेल येतात, पण उत्तर ओकाबे देतो, आपण नाही. तिथं कुरिसु आणि ओकाबेचं जमतं ते आपण बाहेरून बघतो. गेममधे ओकाबे स्क्रीनवर जवळजवळ दिसतच नाही, तुम्हीच त्याच्या डोळ्यातून बघायलेत, त्यामुळं ते जमतं तेव्हा त्यात तुमची चार उत्तरं असतात.

एवढं असूनसुद्धा मी ॲनिमेच्याच बाजूनं होतो. मत फिरलं ते बटण गेल्यावर. एंटर नाही म्हणून ऑटो मोड लावला, म्हणजे आवाज संपेपर्यंत ओळ आपोआप थांबते. तोवर मी आवाज अर्धवट तोडून पुढं पळत होतो. आता ओकाबेला आवाज देणारा मामोरु मियानो पूर्ण ऐकायला मिळाला, ते खोटं हसणं, त्यानंतरचा श्वास, सगळं. लांबलेला वाटलेला भाग लांबलेला राहिलाच नाही. गेमला वेगवेगळे शेवट आहेत, त्यात सुझुहा नावाच्या पोरीचा शेवट लागला. तिचा पाठलाग थांबवायचा डी-मेल (भूतकाळात जाणारा मेसेज) जर पाठवलाच नाही, तर ओकाबे तेच दोन दिवस परत परत जगत राहतो, मायुरी तेवढ्यापुरती जिवंत, आणि हळूहळू त्याला कशाचंच काही वाटेनासं होतं. ॲनिमेत सुझुहा, फेरिस, लुका या पात्रांच्या गोष्टी एकामागं एक उरकत पुढं जावं लागतं, तिथं अडकून पडायला जागाच नाही. गेममधे प्रत्येकीपाशी थांबता येतं, नुसता फोन बाहेर काढायचा नाही, बास. आणि थांबलं की काय होतं ते पूर्ण बघावं लागतं. लाईट गेली होती, इन्व्हर्टरवर पंखा बंद करून मी तो शेवट ऐकला.

एका गोष्टीवर मात्र माझा राग कायम आहे. खरा शेवट, म्हणजे ॲनिमेचे २३ आणि २४ हे भाग, गेममधे फुकट मिळत नाही. आधीच्या चॅप्टरमधे कुरिसुच्या ठराविक मेलला ठराविक शब्दावर उत्तर दिलेलं पाहिजे, आणि हे गेम कुठंच सांगत नाही. तीसेक तास वाचायचं आणि एका जुन्या मेलपायी दार बंद, हे पैसे मोजून घेणाऱ्याला पटत नाही. नेटवर मेलची यादी मिळते. पहिल्यांदा मनानं खेळा, दुसऱ्यांदा यादी समोर ठेवा आणि वाचलेलं स्किप करा, नाहीतर वेळ फुकट जातो.

सेलमधे असंल तर डोळे झाकून घ्या, पूर्ण किमतीत पण पैसे वाया जाणार नाहीत. ॲनिमे आधी बघितलाय म्हणून गेम सोडू नका, स्टोरी माहीत असून पण मेलचं उत्तर देताना हात थांबतो. इंग्रजी वाचायचा कंटाळा असंल तर ॲनिमेवरच थांबा, फक्त बाराव्या भागाच्या आधी सोडून देऊ नका. कीबोर्ड मी बदलला नाही, परीक्षा झाल्यावर साधा यूएसबीवाला घेईन. फेरिस आणि लुकाचे शेवट अजून बाकी आहेत, ते पण ऑटोवरच बघणार.