कंबरलँड म्युझियम: जुने फोटो बघायला गेलो आणि बाबा तळघरातून वर येईनात

आधीच सांगते, ही भेट २०१९ च्या उन्हाळ्यातली. लिहिते लिहिते म्हणून राहूनच गेलं, मधे म्युझियमचं मोठं रिनोव्हेशन झालं असं ऐकलंय, म्हणजे मांडणी बदललेली असणार, वेळ आणि तिकीट बघूनच निघा.

आईबाबा चंद्रपूरहून माझ्याकडे कॅनडाला आले होते. बांफ वगैरे करून झालं होतं आणि बाबा डोंगर-तलाव बघून पार कंटाळले होते, रोज एकच प्रश्न, इथं लोक काम कुठं करतात गं? बाबा वेकोलितून (वेस्टर्न कोलफील्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) रिटायर झालेले, एकतीस वर्षं खाणीत अंडरग्राउंड. मग म्हटलं चला, कंबरलँडला जाऊ. व्हँकुव्हर आयलंडवरचं छोटं गाव आहे, व्हँकुव्हर शहराजवळच्या हॉर्सशू बेवरून बेटावरच्या नानाइमोची फेरी पकडायची, एक तास चाळीस मिनिटं, पुढे गाडीने उत्तरेला साधारण शंभर किलोमीटर. आज लोक तिथे माउंटन बाइक घेऊन जातात, पण गाव उभं राहिलं ते कोळशावर. १८८८ च्या सुमारास वस्ती झाली तेव्हा नाव युनियन होतं, कंबरलँड नाव नंतर पडलं. खाणी डन्स्म्यूर घराण्याच्या, त्यामुळे मेन रोडचं नावपण डन्स्म्यूर अव्हेन्यू आणि म्युझियम त्याच रोडवर.

बाहेरून बघाल तर म्हणाल हेच का ते, एवढंसंच आहे. व्हिक्टोरियाच्या मोठ्या म्युझियमची अपेक्षा घेऊन जाऊ नका. इथे बघायचे ते फोटो.

१९१० च्या दशकात इथे सेन्जिरो हायाशी नावाच्या जपानी माणसाने फोटो स्टुडिओ चालवला, त्याच्यानंतर कितामुरा आणि मात्सुबुची. काचेच्या निगेटिव्ह, आणि त्या शेकड्याने टिकल्यात. स्टुडिओत यायचे कोण, तर गावातले सगळे, जपानी, चिनी, काळे, गोरे. आठवडाभर जमिनीखाली घासलेला माणूस, पण फोटोत सूट, कडक कॉलर, चापून बसवलेले केस, मागे रंगवलेला पडदा. आई म्हणाली, एकपण हसत नाहीये गं, आपल्या आजोबांसारखे बसलेत सगळे. ते खरंच आहे, पण त्या चेहऱ्यांवर जी ऐट आहे ना, ती मला फार आवडली. मला इथे असं दाखवा, हे त्या माणसाने स्वतः ठरवलंय.

हे एवढं का लागलं ते सांगते. नानाइमोला १८८७ मध्ये खाणीत स्फोट झाला, दीडशेच्या आसपास माणसं गेली, आणि त्यातल्या चिनी कामगारांची नोंद नावाने नाहीच, नुसते नंबर. हे मी बाबांना फेरीतच सांगितलं होतं. बाबा म्हणाले, टोकन नंबर तर माहापण होता, पण हजेरीत नाव तर होतं न. मग म्युझियममध्ये ते एकेका चिनी माणसाच्या फोटोसमोर थांबायला लागले. बरं, हे लोक इथवर आले तेही सरकारने फक्त चिन्यांवर लावलेला प्रवेशाचा टॅक्स भरून, १९०३ पासून माणशी ५०० डॉलर, आणि पगार गोऱ्या कामगाराच्या जवळपास निम्मा. कंबरलँडमध्येही १९०१ ला सहा नंबरच्या खाणीत स्फोट झाला, ६४ गेले, त्यातही बरेच चिनी आणि जपानी.

तळघरात खाणीची प्रतिकृती केली होती. मला वाटलं पाच मिनिटांचं काम, बाबा पाऊण तास आत! प्रॉप (छताचे टेकू) लावलेत कसे ते बघ, टिंबरिंग (लाकडी आधार) बघ, मग बोटांनी वर ठोकून बघितलं आणि म्हणाले, चांगलं छत ठणठण वाजते, भद्द वाजलं की पळायचं. बाजूचा एक कॅनेडियन आजोबा कौतुकाने बघत होता, बाबांनी त्यालाही ठोकायला लावलं, भाषेचं कुठं अडलंच नाही.

जिंजर गुडविनचा भागही नीट बघा. कामगार नेता, पहिल्या महायुद्धात सैन्यात जायला आधी अनफिट ठरवलेला, १९१७ मध्ये ट्रेल नावाच्या गावात संप केल्यावर अचानक फिट ठरवला, मग तो कंबरलँडजवळच्या जंगलात लपला आणि २७ जुलै १९१८ ला पोलिसाच्या गोळीने मेला. त्याच्या अंत्ययात्रेचा फोटो आहे, डन्स्म्यूर अव्हेन्यूभर नुसती माणसंच माणसं. अंत्यविधीच्या दिवशी कामगारांच्या संपाने व्हँकुव्हर शहर एक दिवस बंद होतं.

जपानी लोकांना १९४२ मध्ये सरकारने किनाऱ्यावरून हलवलं, घरंदारं विकून टाकली, मग फोटोतली ती वस्ती उरलीच नाही. शेवटची खाण १९६६ ला बंद. म्युझियम झालं की कोल क्रीक पार्कला जरूर जा, चायनाटाऊन तिथेच होतं, आता ओलसर गवत आणि जंबो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाची एकुलती एक केबिन. आधी फोटो बघा मगच जा, नाहीतर नुसतं गवत दिसेल.

खाण्याचं म्हणाल तर एका कॅफेत (नाव नको) सँडविच आतून गार होतं, आईच्या दशम्या होत्या म्हणून वाचलो. म्युझियमला पाच स्टार देताना अर्धा स्टार कापते तो आमच्याच चुकीचा, बंद व्हायला दीड तास असताना पोचलो, किमान तीन तास ठेवा. चष्मा विसरू नका.

परतताना बाबा फेरीत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, माहा खाणीतला एकपण फोटो नाही, खाली कॅमेरा नेऊच देत नव्हते न. घरी एकच आहे, चंद्रपूरच्या स्टुडिओतला, नोकरी लागली तेव्हाचा, उधार घेतलेल्या कोटात. तो आता मी स्कॅन करून घेतलाय.